मिठाच्या पिशवीवर तारीख लिहा

आम्ही कांदिवलीहून बोलतोय. पश्चिम रेल्वेवर बोरिवलीच्या अलीकडचं स्टेशन म्हणजे आमचं कांदिवली. आमच्या गटातल्या बायका नावाला मुंबईकर. कुणाचं सासर साताऱ्याकडे, कुणाचं माहेर सिंधुदुर्गात, कुणी मराठवाड्यातून दुष्काळात आलेली. मे महिन्यात आणि गणपतीत अर्धा गट गावी असतो, बैठकीला कोरम भरत नाही. त्यामुळे आज जे सांगणार आहोत ते जितकं इथलं तितकंच तुमच्याकडचं.

विषय आहे हृदयविकाराचा. बैठकीत हा विषय काढला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. पहिलं, "ताई, हा एसीत बसणाऱ्या श्रीमंतांचा आजार." दुसरं, "हा बाप्यांना होतो, आपल्याला काय!" दोन्ही खोटी आहेत, आणि दोन्हींमुळे घरं बसली आहेत.

मुंबई महापालिकेने २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीने शहरातल्या १८ ते ६९ वयाच्या माणसांची पाहणी केली. शंभरात ३४ जणांचा रक्तदाब जास्त निघाला. शंभरात १८ जणांची उपाशीपोटीची साखर जास्त होती. माणशी रोजचं मीठ सरासरी ८.६ ग्रॅम. खरं तर ते ५ ग्रॅमच्या आत हवं. आता हे शंभरातले चौतीस काय सगळे एसीत बसलेले असतील? आमच्या वस्तीत रिक्षा चालवणारे आहेत, घरकाम करणाऱ्या आहेत, वॉचमन आहेत, भाजी विकणाऱ्या आहेत. रात्रपाळी, बाहेरचं खाणं, डोक्यावर हप्ते, तोंडात तंबाखू. हृदयाला लागतं ते सगळं इथेच आहे.

आणि बायकांचं म्हणाल तर, पाळी सुरू असते तोवर शरीरातलं इस्ट्रोजेन रक्तवाहिन्यांना थोडं सांभाळून घेतं. पाळी गेली की ते संरक्षण ओसरतं, आणि पुढच्या काही वर्षांत बाई पुरुषाच्या बरोबरीला येऊ लागते. गरोदरपणात ज्यांचं बीपी वाढलं होतं किंवा साखर वाढली होती, त्यांना तर पुढे धोका जास्तच. बाळंतपण झालं, बीपी उतरलं, विषय संपला असं वाटतं. तो संपलेला नसतो. अशा बाईने दर वर्षी बीपी-साखर तपासायलाच हवी. हे बाळंतपणाच्या कागदावर कुणी लिहून देत नाही, म्हणून आम्ही इथे मुद्दाम सांगतोय.

हृदयविकाराचा झटका म्हणजे नेमकं काय होतं? हृदय हा एक पंप आहे. सगळ्या शरीराला रक्त पुरवतो, पण त्याला स्वतःलाही रक्त लागतं. ते त्याला तीन मुख्य धमन्यांमधून मिळतं. चाळीतल्या जुन्या नळाच्या पाइपात आतून क्षार धरतात तशी या धमन्यांच्या आत वर्षानुवर्षं चरबीची पुटं चढत जातात. पाइप थोडा अरुंद झाला तरी पाणी येत राहतं, म्हणून कुणाला कळत नाही. मग एक दिवस त्या पुटाला तडा जातो, तिथे रक्ताची गुठळी होते आणि धमनी बंद पडते. पुढचा हृदयाचा भाग रक्ताविना मरायला लागतो. पुटं चढायला वीस-तीस वर्षं लागतात, झटका यायला काही मिनिटं. या वीस-तीस वर्षांतच आपल्याला काही करता येतं.

पुटं कशाने चढतात हे शोधायला शहाणी माणसं एका गावात जाऊन बसली होती. अमेरिकेत फ्रॅमिंगहॅम म्हणून गाव आहे. तिथल्या ५,२०९ बायका-पुरुषांची तपासणी १९४८ पासून सुरू झाली आणि ती पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिली. बीपी, कोलेस्टेरॉल, सिगारेट यांचा हृदयाशी संबंध आहे हे आज कुठलाही डॉक्टर सहज सांगतो, त्याचा मोठा पाया त्या गावकऱ्यांनी घातला. त्यानंतर ५२ देशांत मिळून एक अभ्यास झाला, २००४ साली तो प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की झटक्यांमागची बहुतेक कारणं नऊच आहेत, आणि आपल्याकडच्या लोकांना पहिला झटका इतर देशांपेक्षा काही वर्षं लवकर येतो. आमच्या बैठकीत एकीने यावर विचारलं, "म्हणजे पन्नाशीच्या आत?" हो. चाळिशीतही.

ती नऊ कारणं अशी: तंबाखू, बीपी, साखर, रक्तातली चरबी, पोटाचा घेर, मनावरचा ताण, भाजी-फळं कमी खाणं, अंग न हलवणं आणि दारू, यातलं काही अंगात आहे की नाही. बहुतेक गोष्टी आपल्या हातात आहेत. सगळ्या नाहीत, ताण तर अजिबात नाही. ज्याच्या घराला नोटीस आलेली आहे त्याला "टेन्शन घेऊ नका" सांगणं आम्हाला कधीच जमलं नाही. म्हणून आम्ही जे हातात आहे तिथून सुरुवात केली, ती स्वयंपाकघरातून.

मिठाचा हिशोब आम्ही असा केला. माणशी ५ ग्रॅम म्हणजे सपाट चहाचा एक चमचा. चार माणसांचं घर धरलं तर दिवसाला २० ग्रॅम, महिन्याला ६०० ग्रॅम. म्हणजे एक किलोची पिशवी चार माणसांना ५० दिवस पुरली पाहिजे. बाहेरच्या वडापावात, फरसाणात, बिस्किटात, पापडात आधीच मीठ असतं, तेव्हा खरं तर त्याहून जास्त दिवस पुरायला हवी. मग आम्ही ठरवलं, पिशवी फोडली की तिच्यावर पेनाने तारीख लिहायची आणि संपली की दुसरी. एवढंच. बचतीची वही आपण दर महिन्याला लिहितो, ही त्याहून सोपी वही. पहिल्या वेळी बहुतेकींची पिशवी महिन्यातच संपली. एक म्हणाली, "मी मासे मिठाने धुते, त्याचं काय?" बरोबर आहे, ते वजा करा. पण मासे रोज नसतात, आणि पिशवी तर रोज हलकी होत असते.

मीठ कमी करायचं म्हणजे अळणी जेवायचं असं नाही. भाताला मीठ नको. चपातीच्या, भाकरीच्या पिठात मीठ नको, भाकरीबरोबर जे असतं त्यात ते आहेच. ताटात डावीकडे मिठाची चिमूट वाढायची रीत आहे, ती चिमूट सोडा. कोकम, चिंच, लिंबू, लसूण, कोथिंबीर, भाजलेलं जिरं वाढवलं की जिभेला कमी मीठ जाणवत नाही. एकदम निम्मं केलं तर घरात भांडण होतं, हे आम्ही अनुभवाने सांगतो. दर आठवड्याला थोडं थोडं कमी करा. काही आठवड्यांत जीभ नव्या चवीला सरावते, आणि मग दुसऱ्याच्या घरची आमटी खारट लागायला लागते. सैंधव किंवा काळं मीठ घेतलं म्हणजे चालतं असा एक समज आहे. तेही मीठच, त्यातलं सोडियम जवळपास तेवढंच. बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं, त्यात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी किंवा बीपीची गोळी चालू असलेल्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.

इथे एक अडचणीची गोष्ट बोलायला हवी. आपल्या गटांचे निम्मे धंदे पापड, लोणचं, कुरडया, फरसाण यांचेच आहेत. वांद्र्याला महालक्ष्मी सरस प्रदर्शन भरतं, तिथे महाराष्ट्रभरच्या गटांचे स्टॉल असतात. त्यावर सगळ्यात आधी संपतात ते पापड आणि लोणची. त्यात मीठही आहे आणि पापडखारही, आणि पापडखार म्हणजे पुन्हा सोडियमच. आता आम्ही कुणाला धंदा बंद करा म्हणणार नाही, त्याच्यावर पोरींची शिक्षणं झाली आहेत. पण लोणचं हे बोटाने चाटायचं तोंडीलावणं होतं, ते भाजीच्या जागी आलं तिथे गडबड झाली. आमच्यातल्या काही जणी आता नाचणी-ज्वारीचे लाडू, भाजलेले चणे-शेंगदाणे बिनमिठाचे आणि भाजणी विकतात. पापडाइतकं गिऱ्हाईक नाही, हेही खरंच सांगतो.

तेलाचाही हिशोब तसाच. माणशी महिन्याला अर्धा लिटर, चार माणसांना दोन लिटर. आमच्याकडे पाच लिटरचा डबा महिन्याला रिकामा करणारी चार माणसांची घरं होती. कुठलं तेल, हा प्रश्न फार विचारला जातो. शेंगदाणा, करडई, तीळ, सूर्यफूल, मोहरी, कुठलंही चालेल, अधूनमधून बदललं तर बरं. कुठलं यापेक्षा किती हे महत्त्वाचं. डब्यावर "कोलेस्टेरॉल फ्री" असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, त्याला भुलू नका. कोलेस्टेरॉल प्राण्यांपासून आलेल्या पदार्थांतच असतं. शेंगदाण्याच्या तेलात ते कधी नव्हतंच. म्हणून ते तेल पळीने ओतायला मोकळीक मिळत नाही. वनस्पती तूप, म्हणजे आपण ज्याला डालडा म्हणतो, त्यातली ट्रान्स चरबी हृदयाला सगळ्यात वाईट. सरकारने जानेवारी २०२२ पासून तेला-तुपातल्या ट्रान्स चरबीवर शंभराला २ ची मर्यादा घातली आहे. पण एकच तेल पुन्हा पुन्हा कढत ठेवलं की ते घरातही बिघडतं. तळणीचं उरलेलं तेल दोन दिवसांत भाजीला वापरून संपवा, पुन्हा तळायला नको. आमच्या कोकणातल्या मैत्रिणी खोबऱ्यावरून रागावतात. वाटणात ओलं खोबरं आपल्या बापजाद्यांनी खाल्लं, तुम्हीही खा. फक्त ते वाटण तेवढंच आणि वर तेलाचा तवंग दुप्पट, असं झालंय.

भाजीबद्दल सांगायचं ते थोडं वेगळं आहे. रोज ४०० ग्रॅम भाजी-फळं खावीत असं सांगतात, म्हणजे साधारण पाच मुठी. आता तुमच्या घरातलं शेवटचं ताट आठवा. आधी नवरा, सासरे, मुलं जेवतात. बाई बसते तेव्हा कढईत भाजीचा रस्सा असतो, भाजी नसते. ती भात-रस्सा, भाकरी-चटणी, वर लोणचं असं जेवते. मीठ, तेल, भात सगळं तिच्या वाट्याला, आणि भाजी सोडून. आम्ही कितीही तक्ते लावले तरी हे बदलल्याशिवाय काही होणार नाही. आमच्या गटातल्या एका सासूबाईंनी यावर तोडगा काढला: भाजी झाली की आधी सुनेची वाटी काढून झाकून ठेवायची. बाकी मग कुणी कितीही वाढून घ्या. त्या सासूबाईंचं आम्हाला कौतुक आहे.

महाग फळं लागत नाहीत. पेरू, केळं, जांभूळ, पपई, चिकू जे हंगामात असेल ते. पावसाळ्यात राष्ट्रीय उद्यानाच्या बाजूच्या पाड्यांवरच्या बायका टाकळा, कुरडू अशा रानभाज्या विकायला आणतात. तुमच्याकडे तर ही बांधावर फुकट उगवते. शेवग्याचा पाला, अंबाडी, चवळी, घोळ यांना पालकापेक्षा कमी लेखू नका.

आता अंग हलवण्याचं. "दिवसभर राबतो आम्ही, चालायला कशाला जाऊ?" हा प्रश्न रास्त आहे. शेतात खुरपणी, कापणी, डोक्यावरून पाणी आणणारी बाई व्यायाम करतेच आहे, तिला आम्ही सकाळी उठून फिरायला सांगणार नाही. तिला विश्रांती आणि पोटभर जेवण हवं. पण सगळ्याच बायका आता तशा राबत नाहीत. आमच्याकडे मालाडच्या बाजूने इमिटेशन दागिन्यांचं काम घरी येतं. मणी ओवायचे, खडे चिकटवायचे, पॅकिंग करायचं. बाई सकाळी दहाला मांडी घालून बसते ती संध्याकाळी उठते. थकते खूप, पाठ मोडते, पण हृदयाची गती काही वाढलेली नसते. थकवा आणि व्यायाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्याकडे शिलाई मशीनवर बसणाऱ्या, विड्या वळणाऱ्या मैत्रिणींचंही तेच.

आठवड्याला १५० मिनिटं, म्हणजे पाच दिवस अर्धा तास भराभर चालावं. भराभर म्हणजे किती? चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये. अर्धा तास सलग जमत नसेल तर दहा-दहा मिनिटं तीनदा. आमच्यातल्या दामूनगरच्या बायकांना चढ आहे, त्यांचं निम्मं काम तोच करतो. चारकोपच्या बायका रात्री जेवणं झाल्यावर चौघी-पाचजणी मिळून सेक्टरभर फिरतात. सुरुवातीला लोक बघायचे. आता त्यांच्यातल्याच दोघींच्या सासवा सोबत असतात. एकटीला लाज वाटते, चौघींना वाटत नाही. बाकी काही नाही, गट असण्याचा एवढा फायदा तरी घ्या.

पोटाचा घेर मोजायला वजनकाटा लागत नाही. परकराची एक जुनी नाडी घ्या, तिच्यावर ८० सेंटिमीटरला गाठ मारा. शिंपीणबाईकडे टेप असतोच. श्वास सोडून, पोट आत न ओढता, बेंबीच्या पातळीला नाडी गुंडाळा. गाठ पुरली नाही तर घेर जास्त आहे. पुरुषांसाठी ९० सेंटिमीटरला दुसरी गाठ मारा आणि घरी नेऊन नवऱ्याला लावा, हसत हसत का होईना तो मोजून घेतो.

तंबाखूचं थोडक्यात, पण नीट ऐका. बाई सिगारेट ओढत नाही, म्हणून आपण सुटलो असं वाटतं. पण मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. सकाळी एकदा, दुपारी एकदा, काम करता करता एकदा. तोंडाचा कॅन्सर होतो हे आता सगळ्यांना माहीत आहे. तंबाखूतल्या निकोटीनने ठोके वाढतात आणि रक्तवाहिन्या आकसतात, हे कमी जणींना माहीत असतं. ज्यांना वीस वर्षांची सवय आहे त्यांना "सोडून द्या" म्हणणं सोपं आहे, सोडणं अवघड. सोडायला मदत करणारा सरकारी फोन आहे, १८००-११२-३५६, पैसे पडत नाहीत. आणि चुलीचा धूर. गॅस आहे पण सिलिंडर परवडत नाही म्हणून पुन्हा चूल पेटते, हे आम्हाला गावी गेल्यावर दिसतं. तो धूरही हृदयाला त्रास देतो. निदान चुलीशेजारी खिडकी किंवा धुराडं हवं, आणि लहान मूल मांडीवर घेऊन फुंकणी मारू नये.

इथवरचं सगळं न दुखता करायचं. पण बीपी आणि साखर ही दोन अशी आहेत की ती दुखतच नाहीत. डोकं दुखलं की बीपी वाढलं, असं आपण समजतो. बहुतेकांचं बीपी वाढलेलं असताना डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, काहीच होत नाही. मोजल्याशिवाय ते कळत नाही. १४०/९० किंवा त्याच्या वर वेगवेगळ्या दिवशी दोन-तीनदा आलं तर तो रक्तदाबाचा आजार. मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या पातळीला. अर्धा तास आधी चहा-तंबाखू नको, लघवी करून बसा. जिना चढून धावत आलात आणि लगेच पट्टा बांधला तर आकडा जास्तच येणार. उपाशीपोटी साखर १०० च्या आत चांगली, १०० ते १२५ म्हणजे काठावर, १२६ किंवा वर म्हणजे मधुमेह असण्याची शक्यता, पुन्हा तपासून खात्री करायची.

कुठे मोजायचं? गावात तुमचं उपकेंद्र आता आयुष्मान आरोग्य मंदिर झालं आहे. आशाताई तिशीच्या पुढच्या सगळ्यांचा फॉर्म भरतात. बीपी, साखर आणि तोंडाचा, स्तनाचा, गर्भाशयमुखाचा कॅन्सर यांची तपासणी त्यात येते. फॉर्म भरला आणि तपासायला गेलात नाही, असं करू नका. मुंबईत आपला दवाखाना आहेत, ते २०२२ पासून सुरू झाले, तपासणी आणि गोळ्या फुकट. पुढचं काही लागलं तर आमच्याकडे शताब्दी रुग्णालय आहे.

आता आमच्या वहीतली एक गोष्ट. आमच्या गटात एका मैत्रिणीचा हप्ता कधी चुकला नव्हता. तिचा नवरा रिक्षा चालवायचा. एका शिबिरात त्याचं बीपी १७० च्या पुढे निघालं. गोळी सुरू झाली, महिन्याने आकडा खाली आला. "बरं झालं," म्हणून त्याने गोळी सोडली. दोन वर्षांनी, वय ४६, रात्री रिक्षा लावून आला, छातीत जळजळ म्हणाला. सोडा प्यायला, झोपला. पहाटे घाम फुटला तेव्हा दवाखाना. जीव वाचला, पण हृदयाचा बराच भाग गेला. आता जिना चढताना धाप लागते, रिक्षा विकली. मुलीचं बारावीनंतरचं शिक्षण थांबलं, ती मॉलमध्ये लागली. आमच्या मैत्रिणीने मंगळसूत्राची वाटी गहाण टाकली, मग गटाकडे आली. आम्ही कर्ज दिलं, ते फिटेल. पण महिन्याकाठी जी गोळी दवाखान्यात फुकट मिळत होती तिचा आणि या सगळ्याचा हिशोब मांडला की बोलायला काही उरत नाही.

म्हणून गोळीबद्दल सांगतो. आकडा नॉर्मल आला तो गोळीमुळे आला. गोळी सोडली की तो पुन्हा चढतो. कमी करायची का, बदलायची का हे डॉक्टर ठरवतील. शेजारणीची गोळी घेऊ नका, तिची आणि तुमची वेगळी असू शकते. एकादशी, चतुर्थी, नवरात्राच्या उपवासातही बीपीची गोळी सोडायची नाही, पाण्याबरोबर घेतली म्हणून उपवास मोडत नाही. साखरेची गोळी असेल तर उपवासाआधी डॉक्टरांना विचारा, कारण उपाशीपोटी ती घेतली तर साखर एकदम खाली जाऊ शकते. आणि साबुदाण्याची तेलकट खिचडी खाऊन धरलेल्या उपवासाने हृदयाचं भलं होत नाही, हेही जाता जाता. गोळ्या नियमित चालू ठेवणं गावातही जमतं. केंद्राचा रक्तदाब नियंत्रणाचा कार्यक्रम २०१७ साली सुरू झाला तेव्हा महाराष्ट्रात सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा, वर्धा हे जिल्हे पहिले निवडले होते. महिन्याच्या गोळ्या एकदम द्यायच्या, प्रत्येकाचं कार्ड ठेवायचं, आला नाही तर फोन करायचा, इतकी साधी पद्धत. आमच्या गटाने तीच उचलली. बैठकीला बचतीच्या पासबुकाबरोबर गोळ्यांची पट्टी आणायची. किती उरल्या ते बघितलं की कोण घेतंय, कोण नाही ते कळतं.

शेवटी झटका ओळखायचं. सिनेमात माणूस छाती धरून कोसळतो. खऱ्यात छातीवर दगड ठेवल्यासारखं दडपण येतं, ते डाव्या हातात, जबड्यात, खांद्यात, पाठीत पसरतं, घाम सुटतो. बायकांना कधी कधी छातीत फार दुखत नाही. नुसती धाप, मळमळ, पाठीच्या वरच्या बाजूला किंवा जबड्यात दुखणं, एकाएकी हातपाय गळणं. मग ती म्हणते पित्त झालं, आणि घरचेही म्हणतात पित्त झालं. मधुमेह असलेल्यांना तर दुखणं आणखी कमी जाणवू शकतं. पंधरा मिनिटांत कमी झालं नाही, घाम आहे, धाप आहे, तर ते पित्त समजू नका. जितक्या लवकर ईसीजी निघेल तितकं बरं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या काही तासांतच चांगलं काम करतं. सोडा, ओवा, छातीला चोळणं यात वेळ घालवू नका. माणसाला चालवत जिन्यावरून उतरवू नका, खुर्चीत बसवून उतरवा. बेशुद्ध होऊन श्वासच थांबला तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात, भराभर, मिनिटाला शंभराहून जास्त वेळा दाबत राहा, मदत येईपर्यंत.

पैशाची काळजी आधी करत बसू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी, बायपास येतात, कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत. रेशन कार्ड आणि आधार कार्ड एका पिशवीत, हाताशी येईल अशा जागी ठेवा. स्टेंटची किंमतही २०१७ पासून सरकारने बांधून दिली आहे. औषध लावलेला स्टेंट त्या वेळी २९,६०० रुपये ठरला होता. त्याआधी तो लाखाच्या पुढे जायचा.

अ‍ॅम्ब्युलन्सचा फोन १०८. महाराष्ट्रात २०१४ पासून ही सेवा आहे, पैसे लागत नाहीत. फोनवर आधी गाव, तालुका, वाडीचं नाव सांगा, मग जवळची खूण: शाळा, मंदिर, टाकी, पिठाची गिरणी. मग काय होतंय आणि वय किती. फोन कट करू नका, ते आणखी विचारतात. आमच्या गल्लीत गाडी शिरत नाही, म्हणून एकजण नाक्यावर उभा राहतो, रात्र असेल तर हातात टॉर्च घेऊन. तुमच्या वाडीला गाडी कुठवर येते आणि तिथे कोण उभं राहील, हे पुढच्या बैठकीत ठरवून वहीत लिहून ठेवा.